हंडा भरला कोणी?

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर पडक्या तटांना आणि ओस वाड्यांना तोटा नाही. आणि त्या प्रत्येकाच्या पोटी एक तरी पुरलेला हंडा असतोच असतो. निदान गोष्टीत तरी असतो. तटाखालून भुयार निघते, भुयाराच्या तोंडाशी नाग बसलेला असतो, विहिरीच्या तळाशी साखळी असते, अमावास्येच्या रात्री त्या साखळीचा खळखळाट ऐकू येतो, आणि तो ऐकून कोणाचा तरी आजा वेड लागून मेला असे सांगणारा एखादा म्हातारा गावोगावी भेटतो. जंजिऱ्याच्या सिद्दीचा खजिना, आंगऱ्यांचा खजिना, रेवदंड्याच्या फिरंग्यांचा खजिना, अमक्या खोताच्या माजघरातील मोहरांचे हंडे! नावे बदलतात, गोष्ट बदलत नाही.

या गोष्टींची थट्टा करण्याचे कारण नाही. दिवसभर चिखलात वाकून रात्री कोंड्याची भाकरी खाणाऱ्याने नांगराच्या फाळाला एखादे दिवशी काही खणकन लागेल असे स्वप्न पाहिले तर त्यात त्याचा अपराध कोणता? ज्या व्यवस्थेत सरळ मार्गाने कष्टकऱ्याचे घर कधी वर आलेले कोणी पाहिलेच नाही, तेथे वर येण्याचा मार्ग जमिनीखालूनच असणार. परंतु गोष्ट ऐकणाऱ्याला क्षमा केली म्हणून गोष्टीच्या रचनेलाही क्षमा करावी असे होत नाही. खजिन्याच्या गोष्टीत प्रश्न एकच असतो : धन कोठे आहे? त्यासाठी नकाशा, त्यासाठी मंत्र, त्यासाठी पायाळू माणसाच्या डोळ्यांत घालावयाचे अंजन. ते धन मुळात आले कोठून, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा हंडा भरलेलाच असतो. जणू काय मोहरा या मातीत रताळ्यांसारख्या आपोआप धरतात!

ही खोड एकट्या कोकणाची नव्हे. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ साली पुस्तकरूपाने निघाली. तिची जन्मकथा अशी की लेखकाने आधी सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी बेटाचा नकाशा काढला आणि मग त्या नकाशावरून कादंबरी सुचली. आधी जागा, मग माणसे. त्या कादंबरीतील पोपट ज्या स्पॅनिश नाण्यांच्या नावाने ओरडतो, ती नाणी ज्या चांदीची पाडली जात, तिचा मोठा भाग पोटोसीच्या डोंगरातून सक्तीच्या पाळीने खाणीत उतरविलेल्या तेथील मूळ रहिवाशांनी खणून काढलेला होता. पोपटाचा आवाज साऱ्या जगाच्या मुलांना पाठ आहे, पोटोसीचे नाव शिक्षकांनाही सांगता येईल की नाही याची शंका आहे.

आपल्या पुराणकाराची दृष्टी याहून कितीतरी तीक्ष्ण होती. स्यमंतक मण्याची कथा भाद्रपदातील चतुर्थीला घरोघर सांगितली जाते. तो मणी रोज आठ भार सोने देतो. म्हणजे श्रमावाचून संपत्ती, तीही दररोज. मग काय होते? सत्राजित तो राजाला द्यावयास तयार नाही, त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीस जातो आणि सिंहाच्या तोंडी पडतो, सिंहाला जांबवान मारतो, चोरीचा आळ कृष्णावर येतो, आणि अखेरीस सत्राजिताचा झोपेत खून होतो. साऱ्या कथेत त्या मण्याचा शहाणपणाने उपयोग एका अस्वलाने केला. त्याने तो पोराला खेळावयास दिला. पुराणकाराने निदान एवढे तरी दडविले नाही की आयत्या सोन्यामागून मुडदे चालत येतात.

छापखान्याच्या युगातील मराठी लेखकाने मात्र उलटी वाट धरली. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ निघाली ती विधवांच्या हालअपेष्टांवर. मराठी कादंबरीचा पहिला पाय जमिनीवर पडला होता. दुसरा कोठे पडला? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि पुढे त्यांचीच ‘रत्नप्रभा’. नावेच पाहावीत : एक मोत्यांची, दुसरी रत्नांची. मागोमाग रिसबुडांची ‘मंजुघोषा’. विधवेचे केशवपन पाहून ज्यांची झोप उडावयास हवी होती, त्या मध्यमवर्गाने डोळे मिटून घेतले आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे हिरेमाणके चमकू लागली. अद्भुतरम्यतेचा हा मोह वीसपंचवीस वर्षे टिकला आणि हरिभाऊ आपट्यांना तो मोडून काढावा लागला. रत्नांची आवड निरागस असते असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

आता किनाऱ्याच्या खऱ्या हिशेबाकडे वळू. कान्होजी आंगऱ्यांना इंग्रजांनी चाचा ठरविले. १७३७ साली लंडनला निघालेल्या डाउनिंगच्या पुस्तकाच्या नावातच आंगरे ‘पायरेट’ आहेत. वस्तुस्थिती अशी की कान्होजी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांना दस्तक घ्यावयास लावीत, न घेणाऱ्यांना धरीत. हेच काम कंपनी आणि पोर्तुगीज करीत तेव्हा त्याला राज्य म्हणत. आणि आंगऱ्यांचा खजिना? तो सापडलेला आहे! त्यासाठी भगताची गरज नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांच्या संगनमताने तुळाजी आंगऱ्यांचे विजयदुर्ग घेतले, तेव्हा तेथे सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. लुटीत कोणाचा वाटा किती, यावर इंग्रज सरदारांची घासाघीस मुंबई बंदर सोडण्यापूर्वीच झालेली होती. मित्र म्हणून आलेल्या मराठ्यांच्या हाती त्यातील काही लागले नाही, आणि तुळाजी जन्मभर कैदेत राहिले. समुद्रावरील चाचेगिरीची कहाणी सांगणारेच अखेरीस खजिना घेऊन गेले, ही गोष्ट कोकणातल्या कुठल्या आजीने सांगितली आहे? नागाची मात्र सांगितली.

याच्या शेजारी कोळ्यांमध्ये सांगितली जाणारी लाय पाटलाची कथा ठेवावी. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे जोखमीचे काम त्याने केले. मागून यावयाची कुमक वेळेवर आली नाही आणि मसलत फसली. शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यात फिरणाऱ्याने पालखी घेऊन काय करावे, असे म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली, आणि महाराजांनी त्याच्यासाठी ‘पालखी’ नावाचे गलबत बांधविले. बक्षीस म्हणून कामाचे साधन घेणारा हा कोळी हंडा शोधणाऱ्या साऱ्या नायकांहून वेगळ्या जातीचा आहे.

परंतु समुद्र सोडून जमिनीवर यावयास हवे, कारण बहुतेक हंडे वाड्यांत पुरलेले असतात, आणि वाडे खोतांचे असतात. खोताच्या वाड्यात संपत्ती कशी जमली हे शोधण्यास कुदळीची गरज नाही, खळ्यावर उभे राहिले म्हणजे पुरे. कुळाने खारेपाटात बांध घालावा, खारे पाणी अडवावे, नांगरावे, लावावे, कापावे, झोडावे, आणि निम्मे भात खोताच्या कणगीत ओतावे. वर वेठ वेगळी. वाटणीच्या मापात आणि कर्जाच्या वहीत उरलेल्या निम्म्यातलेही पुन्हा परत जात असे. कणगीतले भात विकले गेले, त्याचे रुपये झाले, रुपयांचे दागिने झाले, दागिने डब्यात गेले आणि डबा माजघराच्या जमिनीत गेला. गोष्टीतला हंडा तो हाच. त्याच्यावर बसलेला नाग म्हणजे सरकारी दप्तरात लिहिलेला खोताचा हक्क.

अलिबाग तालुक्यातील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी हा नाग उठविण्याचे ठरविले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी जमिनी न कसण्याची शपथ घेतली. संप म्हणजे गिरणीतला, चार आठवड्यांचा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत : हा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे आले आणि गेले, शेतात रान माजले. ज्यांच्या हाताला नांगराशिवाय काही ठाऊक नव्हते त्यांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, मिळेल ती मजुरी केली, उपास काढले; पण खोताच्या जमिनीत बियाणे टाकले नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस येऊन गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी ‘कृषीवल’ निघाले. १९३९ साली कूळ कायदा आला. खोती कायद्याने नष्ट व्हावयास स्वातंत्र्यानंतरचे १९४९ साल उजाडले.

सहा वर्षे उपाशी राहून पंचवीस गावांनी एका हंड्यात पडणारी धार थांबविली. साहसकथेला याहून अधिक काय लागते? धोका आहे, गुप्तता आहे, फितुरीची भीती आहे, भूक आहे, अखेर जय आहे. तरीही कोकणावरील कथाकादंबऱ्यांच्या ढिगात चरीला जागा किती आणि मोहरांच्या हंड्याला किती, याची मोजदाद कोणी करून पाहावी.

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली. ते तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले; पण खोतीची जात रायगडात आणि रत्नागिरीत निराळी नाही. पेंडसे समाजवादी नव्हते, तरी त्यांनी खोतांच्या पिढ्यांचा माज, त्यांची सत्ता आणि तिची पडझड सोडली नाही. २०१८ साली त्याच गावाचे नाव घेऊन एक चित्रपट आला, आणि २०२४ साली पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्याहून अधिक चालला. त्याचे नाव नुसते ‘तुंबाड’. शीर्षकातून ‘खोत’ गळाले, उरले सोने. चित्रपट बनविणाऱ्यांचे कसब नाकारण्याचे कारण नाही. त्यातील कल्पित पुराणकथाही मोठी अर्थपूर्ण आहे : सारे सोने बळकावलेला देवपुत्र धान्यावर हात टाकतो तेव्हा त्याचा घात होतो, आणि पुढे तो कायमचा भुकेला राहून कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. सोने आणि धान्य यांचे वैर येथे कोणाला तरी क्षणभर दिसले होते. परंतु पुढे साऱ्या अनर्थाचे खापर एका घराण्याच्या लोभावर फुटते. प्रेक्षक बाहेर पडतो तो लोभ वाईट असे मनाशी म्हणत. लोभ हा दुर्गुण आहे हे कोणीही मान्य करील. खोतसुद्धा करीत, आणि कीर्तनात मान डोलावीत. खोती हा दुर्गुण नव्हता, कायदा होता. दुर्गुणावर उपदेशाचा उतारा चालतो, कायद्याला संप लागतो. हा फरक पुसून टाकणे हेच अशा कथांचे खरे कार्य असते, मग सांगणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो.

केवळ वाङ्मयाचा प्रश्न असता तर तो समीक्षकांवर सोडून देता आला असता. पण गोष्टीवर विश्वास ठेवून माणसे कुदळ उचलतात, आणि कधीकधी सुरा उचलतात. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या दुष्काळाच्या काळात मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. त्या हत्याकांडाच्या मुळाशी गुप्तधनाची आशा होती. पायाळू जन्मलेले मूल धन दाखविते या समजुतीने अशी मुले आजही निर्भय नाहीत. मांडूळ हा निरुपद्रवी साप याच समजुतीपायी पकडून विकला जातो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी कृत्य त्याने गुन्हा ठरविले.

आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे वटहुकुमाची शाई वाळते न वाळते तोच, भारत सरकारने काय केले? उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात दौंडियाखेडा येथे एका साधूला स्वप्न पडले की १८५७ च्या बंडानंतर फाशी गेलेल्या तेथील राजाच्या गढीखाली एक हजार टन सोने आहे. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने तेथे खोदकाम सुरू केले. स्वप्नावरून नव्हे, भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणाच्या अहवालावरून, असा खुलासा झाला. विटा निघाल्या, मडक्यांची खापरे निघाली, बांगड्यांचे तुकडे निघाले. सोने निघाले नाही. शेतकऱ्याने अंगणात खड्डा खणला तर तो अंधश्रद्ध, आणि सरकारने खणला तर ते उत्खनन! पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत परदेशी बँकांतील काळ्या पैशाचा हंडा फोडून घरोघर वाटण्याची गोष्ट देशभर ऐकविली गेली. मतदारांनी ती मन लावून ऐकली, कारण आजीच्या मांडीवर तिचा सराव झालेला होता. तो पैसा कोणाच्या मजुरीतून, कोणत्या करचुकवेगिरीतून आणि कोणत्या मक्त्यांतून साठला, हे त्या गोष्टीतही नव्हते.

रायगडच्या किनाऱ्याने याची जबर किंमत मोजली आहे. सोन्यावरील नियंत्रणाच्या काळात, म्हणजे १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत, आणि त्यानंतरही चांदीसाठी काही काळ, येथील खाड्यांत रात्री माल उतरत असे. सोन्याच्या बिस्किटांच्या गोष्टी पोरांच्या तोंडी होत्या. स्मगलर हा सिनेमाचा नायक झाला होता, आणि त्याच्या पदरी ओझी वाहणारा गावचा पोरही स्वतःला त्या सिनेमात पाहत होता. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला शस्त्रे आणि स्फोटके उतरली, ती सोन्याचांदीने वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत केलेल्या त्याच वाटेने. त्याच होड्या, तेच हमाल, तेच डोळे मिटून घेणारे अधिकारी. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्या वाटेचे उगमस्थान गोष्टीत होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती वाट रम्य आणि धाडसाची वाटावी ही सोय गोष्टींनीच करून ठेवली होती.

मग खजिन्याची गोष्ट सांगूच नये काय? पक्षातील काही कडव्या मंडळींचे उत्तर ‘नये’ असे आहे, आणि ते चुकीचे आहे. अण्णाभाऊ साठ्यांनी ती सांगितली. ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा दगडाच्या खाणीत काम करणारा धिप्पाड गडी. खाण बंद पडते, काम जाते, आणि पोटासाठी तो स्मशानातली राख चाळू लागतो, प्रेते उकरू लागतो; मेलेल्यांच्या अंगावर राहिलेले गुंजभर सोने हाच त्याचा रोजगार. एका रात्री प्रेताभोवती कोल्ह्यांशी झुंज होते, आणि मुडद्याच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. बोटे जातात, आणि त्याच वेळी कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. भय आहे, अंधार आहे, सोने आहे, वाचणारा श्वास रोखून धरतो. पण अण्णाभाऊंनी प्रारंभीच सांगून टाकले आहे की खाण बंद होती म्हणून हा माणूस येथे आला. अण्णाभाऊंना भीमाला लोभी म्हणण्याची गरज पडली नाही.

असे लिहावयास चळवळीजवळ माणसे नाहीत असे नाही, सवय नाही. चरीच्या संपाचे सांगावयाचे झाले की कार्यकर्ता ठरावाच्या भाषेत बोलू लागतो. तारखा, अध्यक्षांची नावे, मंजूर झालेल्या मागण्या. संपाच्या तिसऱ्या पावसाळ्यात घरात काय शिजत होते, पेरणीच्या दिवसांत बांधावर उभे राहून रिकाम्या शेताकडे पाहणाऱ्या माणसाचे हात कसे शिवशिवत होते, खोताच्या माणसाने रात्री येऊन कोणाला काय देऊ केले, हे ज्यांनी आपल्या आईबापांकडून ऐकले ती पिढीही आता म्हातारी होत चालली आहे. व्याख्यानाला वीस श्रोते आणि भुताच्या चित्रपटाला खचाखच गर्दी, म्हणून लोकांना दोष देणे सोपे आहे. लोक गोष्ट मागतात, आणि पक्ष त्यांच्या हाती अहवाल ठेवतो.

दरम्यान किनाऱ्यावर हंड्याची नवी गोष्ट सुरू होऊन गेली. आता हंडा जमिनीत नाही. जमीन हाच हंडा आहे. नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी उठले; १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण पडले. त्या रक्तातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा हक्क निघाला. आज दलालाच्या तोंडून त्या हक्काची हकिगत ऐकावी : अमक्याच्या खाजणाला सोन्याचा भाव आला, तमक्याच्या बापाला ठाऊकच नव्हते की तो सोन्यावर बसला आहे. गोळ्या गळून गेल्या आहेत, पाच माणसे गळून गेली आहेत, उरले पुन्हा सोने. अलिबागच्या बाजूला तर मोर्चाही मध्ये येत नाही. गुंठ्यांनी जमीन जाते, भिंत उभी राहते, आणि ज्याच्या आज्याने खोताकडून ती सोडविली त्याचा नातू त्या भिंतीआडच्या बंगल्यावर राखणदार लागतो.

खारेपाटात समुद्राला उधाण आले की बांधाला खांडी जातात आणि खारे पाणी भातात शिरते. एकदा शिरले की पुढची काही वर्षे त्या जमिनीत पीक नीट धरत नाही. अशा वेळी गावची माणसे रात्रीच कुदळी, फावडी आणि घमेली घेऊन निघतात, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओहोटीच्या त्या चार तासांत चिखलाने भगदाड बुजवितात, आणि भरती चढण्याआधी मागे फिरतात. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या बाजूचा बांध बुजवावयास अलीकडे कोणी येत नाही, आणि पाणी तेथूनच आत येते.